सुतक नसलेली बाई

गारिफालियाने यंदा पीठ मळायची काथवट काढली नव्हती. ईस्टरच्या आधीचा मोठा आठवडा लागला, क्रीटच्या त्या डोंगरी गावात घराघरांतून पुदिन्याचा आणि ताज्या चीजचा वास सुटला, आणि तिची काथवट मात्र भिंतीला टेकून कोरडी उभी होती.

कारण साधं होतं. घरातलं माणूस गेलं की पहिल्या ईस्टरला त्या घरात कालित्सुन्या होत नाहीत. मेंढीचं चीज भरायचं, करंजीसारखी घडी घालायची, वर तीळ पेरून भाजायच्या, हे सगळं शेजाऱ्यांनी करायचं आणि शनिवारी ताट झाकून दुखवट्याच्या घरी पोचवायचं. हे कुणाला सांगावं लागत नाही. ज्या दारात ताटं जातात ते घर सुतकातलं. सिफिस हिवाळ्यात गेला होता, तेव्हा यंदा ताटं निघणार हे ठरलेलंच होतं. ती कुठल्या दारात जाणार, एवढंच ठरायचं होतं.

सिफिस गारिफालियाचा कोण, हे गावाने कधी तोंडाने म्हटलं नाही. ती आली होती त्याच्या आजारी बायकोची सेवा करायला. बायको गेली, गारिफालिया राहिली. सुरुवातीला स्वयंपाकघरालगतच्या खोलीत झोपायची, पुढे झोपेनाशी झाली. लग्न करू, असं सिफिस म्हणायचा. ऑलिव्ह उतरवून झाले की करू. मग रोदांथीचं, म्हणजे त्याच्या एकुलत्या एका मुलीचं, लग्न उरकलं की करू. मग रोदांथीच्या पोराचा नामकरणविधी झाला की करू. मुलीने एकदाच बापाला बजावलं होतं, ‘माझ्या आईच्या पलंगावर दुसरी मानाने बसलेली मला बघवायची नाही.’ झोपलेली चालत होती, मानाने बसलेली चालत नव्हती. सिफिस भला माणूस. पण असल्या भल्या माणसांना कुणालाच नाही म्हणता येत नाही, आणि मग जे माणूस भांडत नाही त्याचंच राहून जातं. लग्न राहून गेलं. तो मात्र गेला.

अंत्यविधीच्या दिवशी रोदांथी शवपेटीजवळ बसली होती आणि बायका एकेक करून तिचे हात हातात घेत होत्या. गारिफालिया आत कॉफी करत होती. तिला कुणी आत पाठवलं नव्हतं, पण बाहेर ये असंही कुणी म्हणालं नाही. कॉफीला कुणीतरी लागतंच. त्या दिवसापासून ती काळ्या कपड्यांत होती, पण त्या वयाच्या निम्म्या बायका कुणा ना कुणासाठी काळ्यातच असतात, त्यामुळे त्यावरूनही काही कळायला मार्ग नव्हता. ती सिफिसच्याच घरात राहत होती. रोदांथी नवऱ्याकडे, गावाच्या खालच्या अंगाला. ‘राहू द्या, घर उघडं राहतं,’ असं रोदांथीने लोकांना सांगितलं होतं.

तेव्हा गारिफालियाची सगळी आशा त्या शनिवारावर होती. एक ताट आलं तरी पुरे होतं. शेजारच्या कालिओपीचं आलं तरी चाललं असतं, जिच्या कालित्सुन्या फुटून चीज बाहेर येतं. एक ताट दारात आलं असतं, तर ती त्याची कोण होती हे गावाने मान्य केलं असतं, आणि तिला दुसरं काही नको होतं.

बुधवारी कालिओपी कुंपणावरून डोकावली.

“काथवट नाही काढलीस ती?”

“कशी काढू? यंदाचं पहिलंच ईस्टर.”

कालिओपीने तिच्याकडे पाहिलं, काथवटीकडे पाहिलं, आणि “हं” म्हणून आत गेली. त्या एका “हं”वर गारिफालियाने अख्खा दिवस काढला. टेबलावरचं कापड धुतलं, इस्त्री केलं. ताट ठेवायला जागा हवी ना.

गुरुवारी रोदांथी आली. हातात झाकणाची बादली.

“आहात का, गारिफालियाबाई?”

“ये पोरी. बस.”

“बसत नाही, पोरांसाठी ईस्टरची अंडी रंगवायची राहिलीत.” तिने बादली टेबलावर, त्या इस्त्रीच्या कापडावर ठेवली. “चीज आणलंय. कालचंच आहे, पाणी सगळं निथळलंय. आमच्याकडे यंदा करता येत नाही, तुम्हाला माहीतच आहे.”

“माहीत आहे.”

“लोक आणतीलच म्हणा. पण कालिओपीकाकूच्या कालित्सुन्या म्हणजे नुसतं पीठ. बाबांना तुमच्याच आवडायच्या. पोरंही विचारतात. तेव्हा म्हटलं तुम्हीच करा. तुम्हाला थोडंच सुतक आहे?”

गारिफालिया उभी होती ती खुर्चीचा हात धरून खाली बसली.

“मीही काळ्यातच आहे, रोदांथी.”

“दिसतंय ना. तुमचा स्वभावच मायेचा. वाईट तर सगळ्यांनाच वाटलं हो. आमचा कुत्रासुद्धा दोन दिवस जेवला नव्हता.”

हे ती चिडून बोलली असती तर बरं झालं असतं. भांडता आलं असतं. पण रोदांथी अगदी सहज बोलली, वर तिच्या खांद्यावर हात ठेवून गेली. जाताना दारातून म्हणाली, “पुदिना जरा जास्त घाला, बाबांना आवडायचा तसा.”

बादली परत नेऊन द्यायची, असं गारिफालियाने त्या संध्याकाळी ठरवलं. आमच्या घरी यंदा होत नाही, एवढं सांगायचं आणि वळायचं. शुक्रवारी चर्चमध्ये, क्रुसावर गेलेल्या देवाच्या फुलांनी मढवलेल्या शवपेटीसमोर उभी असतानाही ती तेच वाक्य घोळवत होती. पण मग वाक्यातल्या ‘आमच्या’ला ती अडखळायची. रोदांथीने विचारलं, आमच्या म्हणजे कुणाच्या, तर काय सांगायचं? आणि घर तरी कुणाचं? शिवाय तिने नाही केल्या, तर गाव काय म्हणणार होतं? मेलेल्याची भाकरी खाल्ली आणि त्याच्या नातवंडांना कालित्सुनी नाही केली. हे म्हणायला मात्र सगळ्यांना तोंड फुटलं असतं.

शनिवारी सकाळी तिने काथवट उचलली.

पिठात ऑलिव्ह तेल, चमचाभर घरची दारू, कोमट पाणी. कणीक अशी हवी की बोट दाबलं तर वर यायला हवी. ती मळत होती आणि तिला राग येत होता, रोदांथीचा कमी आणि सिफिसचा जास्त. ऑलिव्ह उतरवून झाले की, म्हणे. दर वर्षी उतरले ऑलिव्ह. एक वर्ष चुकलं नाही.

चीजमध्ये अंडी फोडली, पुदिना चिरून घातला, मीठ घातलं. ही पायरी दर वर्षी अवघड. उपवासाचे दिवस, चीज चाखता येत नाही, मीठ अंदाजाने. एरवी सिफिस शेजारी येऊन उभा राहायचा, बोट बुडवायचा, म्हणायचा, “मी चाखतो, पाप माझ्या नावावर.” आणि मग बोट चाटत, “थोडं घाल,” किंवा “पुरे, बाई, मारतेस काय.” त्याला उपवासाबिपवासाचं काही नव्हतं. आज ती वाडगा घेऊन उगाच थोडा वेळ थांबली. मग मिठाची मूठ भरली. एवढं घातलं की घास तोंडात धरवणार नाही, हे तिला ठाऊक होतं. सगळं गाव रोदांथीकडे बसून थुंकलं असतं. मूठ वाडग्यावर बराच वेळ राहिली. पण याच कालित्सुन्यांसाठी तो माणूस तिच्याकडे बघून हसायचा, आणि त्या बिघडवायला तिचा हात धजला नाही. तिने मीठ डब्यात परत टाकलं.

पोळी लाटली, बशीच्या काठाने गोल कापले, चीज भरलं, घडी घातली, कडांना मुरड घातली. अंगणातल्या भट्टीत तीळ सोनेरी झाले. दुखवट्याच्या घरातल्या भट्टीतून धूर निघालेला सगळ्या गल्लीने पाहिला, आणि आता गावाला दुसरं काही ठरवायचं उरलं नाही.

ताट झाकून ती उतारावर निघाली. पाणवठ्यापाशी कालिओपी भेटली, तिच्याही हातात ताट. गारिफालियाने त्या ताटाकडे पाहिलं. कालिओपीने ते दुसऱ्या हातात घेतलं.

“मी वर येणार होते,” कालिओपी म्हणाली. “खरंच. पण मग तुझ्या भट्टीचा वास आला. म्हटलं, चला, हिने सुतक पाळलेलं दिसत नाही.”

गारिफालियाला त्यावर बोलायचं बरंच होतं. ती म्हणाली, “चल, गार होतील.”

रोदांथीच्या ओसरीवर बायका जमल्या होत्या. रोदांथी काळा रुमाल बांधून खुर्चीत बसली होती. एकेक बाई पुढे व्हायची, ताट टेबलावर ठेवायची आणि दुखवट्यात म्हणतात ते म्हणायची, “तुम्हाला आयुष्य लाभो.” रोदांथी त्याचं उत्तर द्यायची. कालिओपीनेही ठेवलं, म्हटलं, बाजूला झाली.

गारिफालियाने ताट ठेवलं आणि तशीच उभी राहिली. तिथल्या प्रत्येकीला माहीत होतं. सिफिसच्या शेवटच्या दुखण्यात त्याला कोण उठवायचं, कोण बसवायचं, कोण धुवायचं, सगळं माहीत होतं. एकीने जरी म्हटलं असतं की हिला कसलं बोलायला लावता, हिचंच माणूस गेलंय, तरी गारिफालियाच्या सगळ्या वर्षांचं सोनं झालं असतं. बायका टेबलावरच्या ताटांकडे बघत राहिल्या. रोदांथी वाट बघत होती.

“आयुष्य लाभो तुला, पोरी,” गारिफालिया म्हणाली.

“देव तुमचं भलं करो, गारिफालियाबाई,” रोदांथी म्हणाली. “तुमच्या घरी असा प्रसंग कधी न येवो.”

गारिफालियाने मान हलवली. मागे आणखी एक बाई ताट घेऊन उभी होती, म्हणून ती बाजूला झाली.