दोनशे बारा चाचण्यांचा पत्ता

ऑफिसात सगळे तिला ताई म्हणत. चाळिशीपर्यंत ताईने औषधाच्या दुकानाचा काउंटर सांभाळला होता. दुकान बंद पडलं तेव्हा रडत न बसता ती सॉफ्टवेअर तपासायला शिकली आणि दवाखान्यांसाठी प्रोग्रॅम बनवणाऱ्या कंपनीत चिकटली.

तिथे मोठा प्रोग्रॅम तपासायला छोटे छोटे प्रोग्रॅम लिहिलेले असत. त्यांना चाचण्या म्हणायचे. कोडमध्ये कुणी काही बदललं की त्या आपोआप चालत. ठीक असेल तर हिरवी ओळ, बिघडलं तर लाल. कोड सगळ्यांचा सामायिक, त्यामुळे चाचण्या ठेवायची जागाही सगळ्यांची, म्हणजे कुणाचीच नाही. फोल्डरांची नावं तरी काय! ‘नवीन’, ‘नवीन दोन’, ‘खरंच नवीन’, आणि एक चक्क ‘हात लावू नका’.

ताईच्या डोक्यात तिडीक गेली. “चार दिवस द्या, सगळं लावून देते,” ती मॅनेजरबाईंना म्हणाली.

“कशाला उगाच?” पलीकडून गुरुजी बोलले. गुरुजी म्हणजे सर्वांत जुने प्रोग्रॅमर. विचारलं नाही तरी समजावून सांगत, म्हणून हे नाव. “रोज हिरवं येतंय ना?”

“तेच तर! इतकं हिरवं कसं येतं?”

मॅनेजरबाईंनी गुरुवारपर्यंत मुदत दिली. शुक्रवारी नवी आवृत्ती दवाखान्यांत जायची होती.

ताईने पदर खोचला. पेशंट दवाखान्यात ज्या क्रमाने फिरतो त्याच क्रमाने तिने फोल्डर पाडले: नोंदणी, तपासणी, औषध, घरी सोडणं. प्रत्येक चाचणी उघडून वाचायची आणि तिच्या घरी पोचवायची. बुधवारी दुपारी तिने मोजदाद केली. अकराशे चाळीस. रोजच्या अहवालात मात्र नऊशे अठ्ठावीसच चालल्याची नोंद! तिने पुन्हा मोजलं. दोनशे बाराचा फरक तसाच.

त्या सापडल्या ‘हात लावू नका’मध्ये. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी तो फोल्डर एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात सरकवला होता, आणि ‘अमुक फोल्डर चालवा’ या यादीत नवी जागा लिहायची राहून गेली होती. दोन वर्षं त्या दोनशे बारा जणी नुसत्या बसून होत्या!

ताईने त्या नव्या घरी हलवल्या आणि सगळ्या एकदम चालवल्या. हिरवी, हिरवी, हिरवी... लाल! एकूण नऊ लाल. आठ जुनाट निघाल्या, बदललेल्या बटणांना जुन्या नावाने शोधत होत्या. नववी मात्र ताईने दोनदा वाचली.

“गुरुजी, इकडे या आधी!”

“तीही जुनीच असणार हो.”

“हातानं करून दाखवते, बघा.” तिने स्क्रीनवर एका खोट्या बाळाचं वजन सतरा किलो टाकलं. औषधाचा डोस आला. मग चूक सुधारल्यासारखं करून तिने सतराचं सात केलं. वजन बदललं, डोस हलला नाही.

गुरुजींचा चहाचा कप हवेतच राहिला. “बाप रे! ही गेल्या आठवड्यातल्या बदलाची करामत. जुन्या आवृत्तीत नाहीये हे.” मग ते वाकून स्क्रीनजवळ आले. “पण इतकी नेमकी चाचणी लिहिली कोणी?”

ताईने फाइलचा इतिहास उघडला. पाच वर्षांपूर्वीची तारीख, आणि पुढे गुरुजींचंच नाव.

गुरुजींनी कपाळावर हात मारला आणि खो खो हसत सुटले. ताईलाही आवरेना. तासाभरात त्यांनी चूक दुरुस्त केली. ताईने चाचणी तीनदा चालवली, तिन्ही वेळा हिरवी. मॅनेजरबाईंनी शुक्रवारचा बेत सोमवारवर ढकलला आणि शांतपणे म्हणाल्या, “ताई, यापुढे या फोल्डरांवर तुमचाच शब्द.”

ताई जिन्यात धावली आणि तिने नवऱ्याला फोन लावला. “अहो, ऐका ना! दोनशे बारा सापडल्या!”

“काय सापडल्या? कुठे? तू ठीक आहेस ना?”

तिला हसू आणि रडू एकदमच फुटलं. सगळं सांगून होईपर्यंत तो शिवणयंत्र थांबवून ऐकत राहिला. “म्हणजे एखादं पोर वाचलं म्हण की,” तो म्हणाला.

ती परतली तेव्हा गुरुजी उरलेल्या चाचण्यांसाठी ‘इतर’ नावाचा फोल्डर करत होते.

“इतर? अजिबात नाही!” ताई कडाडली, आणि खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी भांडायला बसली.