आजीच्या उशाशी कुणाचं नाव

गल्लीत तिला सगळे ठिणगी म्हणत. लोखंडी गेटं आणि खिडक्यांच्या जाळ्या जोडून द्यायचं तिचं दुकान होतं, पण नाव पडलं ते वेल्डिंगमुळे नव्हे, तोंडामुळे. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत हिचं उत्तर तयार, आणि ज्याला ते लागे तो संध्याकाळपर्यंत चरफडत बसे.

या खेपेला चरफडत होती ती स्वतः. नगरपालिकेने दफनभूमीतले फुटके दगड काढून नवे बसवायला घेतले होते. तिच्या आजीचा दगड मधोमध तडकलेला, त्यावरची अक्षरं कधीच झिजून गेलेली. नव्या दगडावर पूर्ण नाव हवं, तेही पुराव्यासकट. पुरावा नसेल तर नवऱ्याचं आडनाव आपोआप लागणार. आणि आजी तर जाताना ठणकावून गेली होती, "त्या माणसाचं नाव माझ्या दगडावर घालाल तर खबरदार. जन्मभर उरावर बसला, मेल्यावर तरी उशाशी नको."

त्या माणसाच्या मारापायी आजीने दोन पोरं काखोटीला मारून घर सोडलं होतं. माहेरीही गेली नाही. माहेराचा विषय निघाला की ओठ शिवल्यासारखी गप्प. धाकटा पोरगा म्हणजे ठिणगीचा बाप. तो मागेच वारला. थोरला, ठिणगीचे काका, अजून ठणठणीत होते आणि दारावरची बापाच्या आडनावाची पाटी रोज पुसत होते.

ठिणगीने दुकानाचं शटर ओढलं आणि नगरपालिकेची रेकॉर्ड रूम गाठली. धुळीने शिंकत, शिपायाशी भांडत, बसायला स्टूल मागून ते न मिळाल्यावर जमिनीवर फतकल मारून तिने लग्नाची नोंद शोधलीच. वधू सुतारांची लेक. झालं काम, म्हणून ती उठली. पण आजी जन्मभर जिथे राबली त्या पालिकेच्या हॉस्पिटलच्या धुलाईखान्याचं कार्डही त्याच कपाटातून निघालं, त्यावर नाव तेच, आडनाव मात्र न्हाव्यांचं. शिवाय शेरा: अविवाहित.

नगरपालिकेच्या कारकुनाने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि पान चघळावं तसे ओठ हलवले. "एक बाई, दोन माहेरं. आधी आजीला विचारून या."

"विचारते की. तुम्ही पुढे व्हा, मी आलेच मागून."

कारकुनाने कागद परत ढकलले.

तिने बाकड्यावर बसून कार्ड पुन्हा वाचलं. रागाच्या भरात आधी नुसतं आडनाव पाहिलं होतं. खाली लिहिलं होतं, ओळखीची खूण: डाव्या हाताची करंगळी अर्धी.

अर्धी? आजीची दहाही बोटं शेवटपर्यंत शाबूत होती. त्यातल्या डाव्या हाताच्या बोटांनी तर हिचे कान पिळपिळून लाल केलेले. म्हणजे कार्ड आजीचं नव्हतंच! दुसऱ्या कुणाचं तरी, नाव सारखं म्हणून खपून गेलेलं. तिच्या धंद्यात हे रोजचंच होतं. परवाना एकाच्या नावावर, वेल्डिंगचा होल्डर हातात दुसऱ्याच्या.

"बोटं आता कुठून मोजायची?" कारकून म्हणाला. "थोरल्या मुलाने लिहून द्यावं. मग सुतारांचं लावू."

काकांनी तिला दारातच अडवलं. "आलीस? माझ्या बापाची अब्रू चव्हाट्यावर मांडून झाली का?"

"मांडायला शिल्लक हवी ना. इथे सही करा. आजी दुसरीच्या कार्डावर कामाला होती, एवढंच लिहायचंय."

"मला नाही ठाऊक."

"धुलाईखान्याच्या गेटवर डबा कोण न्यायचं? माझा बाप तर तेव्हा रांगत होता."

काकांच्या मानेची शीर तटतटली. "मीच न्यायचो! काय करणार आहेस? तिथे पोरंबाळं असलेली बाई घेत नव्हते. ती न्हाव्यांची पोरगी काम सोडून गेली, जाताना हिला कार्ड देऊन गेली. आई मला बजावायची, गेटवर मला मावशी म्हण. म्हटलं! सगळ्यांसमोर स्वतःच्या आईला मावशी म्हटलं. एकदा 'आई' निघून गेलं तोंडातून, तर घरी येऊन कानाखाली काढली तिने. आणि आता तू तिला सुतारांची करणार. मग आम्ही कोण? मावशीची पोरं?"

ठिणगीने कागद-पेन त्यांच्यापुढे धरलं. मागे सरणं तिला येतच नव्हतं.

"तुम्हाला लागलं, मान्य. पण जखम तुमची आणि दगड तिचा. तिने काय सांगितलं होतं ते तुम्ही ऐकलंत. मीही ऐकलंय."

"निर्लज्ज आहेस."

"तिच्यावर गेलेय."

काकांनी कागद हिसकावला, दाराच्या चौकटीवर धरून दोन ओळी खरडल्या आणि खाली सही ठोकली. पेनाचं टोक कागद भोसकून चौकटीत रुतलं. "घे! पण वरती 'आई' लिहायचं. सगळ्यात मोठ्या अक्षरात."

"सगळ्यात मोठं तिचं नाव. सुतारांच्या आडनावासकट."

"आई!"

"बरं, दोन्ही सारखं. पण तुमचं एका केसानेही मोठं दिसलं, तर मी स्वतः छिन्नी घेऊन बसेन."

"मेलीस तरी माझ्या दारात पाऊल टाकू नकोस."

"मेल्यावर कशी टाकणार?"

दार धाडकन आपटलं. ठिणगी कागदाची घडी घालत जिना उतरली, फाटकापर्यंत पोहोचली, तोच वरची खिडकी उघडली.

"दगड बसवणार कधी?" काका खेकसले.

"पाथरवटाला विचारा!" ती मान वर न करता ओरडली. मग फाटकाची कडी लावता लावता म्हणाली, "रविवारी सकाळी. उशीर केलात तर थांबणार नाही."