उशिरा पडणारी झांज

मुकुंद साठे गेल्याचा मेसेज आमच्या योकोहामातल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर आला, तेव्हा मी प्लॅस्टिकचा कचरा टाकायला खाली उतरत होतो. पिशवी ठेवून वर आलो आणि मग लक्षात आलं, इथे प्रत्येक कचऱ्याचा वार ठरलेला, आणि आजचा वार बाटल्यांचा. ऑफिसला जाताना स्टेशनच्या जिन्यावर हृदयविकाराचा झटका... पन्नाशीही उलटली नव्हती. महिना झाला, माझा गोंधळ काही निवळत नाही. उलट वाढलाच आहे.

मुकुंद आणि मी एकाच कंपनीच्या कॉन्ट्रॅक्टवर पुण्याहून आलो. दर संकष्टीला मंडळातल्या कुणाच्या तरी घरी आरती असते. झांज मुकुंदच्या हातात, आणि ती हमखास अर्धी मात्रा उशिरा पडायची. सगळे हसायचे. "साठे-सान, तुमची ट्रेन लेट आहे," असं कुणीतरी जपानी थाटात म्हणायचंच, कारण या देशात ट्रेन कधी लेट होत नाही. तो मान डोलवायचा आणि पुन्हा तिथेच वाजवायचा. हट्टी होता, दुसरं काय!

त्याचं खरं वेड म्हणजे ब्राझीलच्या मालिका आणि सिनेमे. ब्राझीलला तो कधी गेला नव्हता. त्याच्या घरी गेलं की टीव्हीवर तिथली शहरं सुरू. नायिका ढसाढसा रडत असायची आणि हा पडद्याच्या कोपऱ्यात बोट दाखवायचा. "तिला राहू दे रे, मागे बघ. खिडक्यांना जाळ्या, गच्चीवर टाक्या, बसमागे धावणारी माणसं... कोथरूडच की नाही?" मला तर काही कोथरूड दिसायचं नाही. मग एखाद्या चौकात चार माणसं गाणं धरायची, त्यातला एक नुसती काडेपेटी वाजवायचा. झालं, हा देवघरातली काडेपेटी आणून त्याच्याबरोबर वाजवायला लागायचा. भरलेली पेटी वाजत नाही म्हणून नव्या पेटीतल्या अर्ध्या काड्या तो काढून ठेवायचा. अनघावहिनी कपाळावर हात मारायच्या. पुण्याला परतायचं दर वर्षी ठरायचं आणि दर वर्षी तो "पुढच्या वर्षी नक्की" म्हणायचा. त्याच्यासाठी वहिनी शाळेतली नोकरी सोडून आल्या होत्या.

तेराव्यानंतर मार्सिया-सान भेटायला आल्या. ब्राझीलहून येऊन इथे स्थायिक झालेल्या, स्टेशनमागे छोटी खानावळ चालवतात. मुकुंद शनिवारी तिथे मालिका बघायला जातो, एवढं वहिनींना ठाऊक होतं. तो तिथल्या मंडळींबरोबर काडेपेटी वाजवायलाही बसायचा, हे त्यांना नव्हतं ठाऊक. मार्सिया-सान जपानीत म्हणाल्या, "साठे-सान नेहमी घाई करायचे. आम्ही चिडवायचो, हे देऊळ नाही हो, जरा रेंगाळा." मी बघतच राहिलो. आमच्याकडे उशिरा आणि तिकडे लवकर? एक ना धड, भाराभर चिंध्या! मला हसू आलं, आणि लगेच डोळे भरून आले.

त्या गेल्यावर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, एक विचारू? खरं सांगा. हे आपल्यात रमले होते का? की तिकडे? मी इतकी वर्षं इथे थांबले, ती नक्की कुणासाठी?"

तो प्रश्न मी घरी घेऊन आलो. न पाहिलेल्या गावाची इतकी ओढ लागते का माणसाला? की ते कोथरूडच होतं, आणि परत गेल्यावर सापडणार नाही म्हणून तो तिकडे शोधत होता? मग आमच्यात बसून तो हसायचा, ते काय होतं? मी जितका विचार करतो तितका तो हातातून निसटतो, आणि मला त्याचा राग येतो. सांगायचं ना रे, मुकुंदा...

परवाची संकष्टी वहिनींनी आग्रहाने स्वतःच्याच घरी ठेवली. काडेपेटी देवघरातच होती, अर्धी रिकामी. त्यांनी निरांजन लावलं. झांज दुसऱ्या कुणीतरी घेतली होती. आरती सुरू झाली आणि टाळ्या, झांज, सगळं जागच्या जागी पडू लागलं. इतकं अचूक की ऐकवेना. वहिनींच्या हातात काडेपेटी तशीच होती. दुसऱ्या कडव्याला त्यांनी ती हलवली. अर्धी मात्रा उशिरा.

कुणी हसलं नाही. त्या डोळे मिटून वाजवत राहिल्या, आणि मी माझी टाळी त्यांच्याबरोबर थोडी मागे घेतली.