हौसाच्या दुधातला निळा डाग

पाण्याची चेष्टा हौसा हसून घ्यायची. नारपोलीतल्या इमारतीत दूध मापताना कुणी ना कुणी विचारायचंच, मावशी, आज नळाला पाणी लवकर आलं वाटतं? ती म्हणायची, आलं ना, तुझ्या भांड्यासाठी राखून ठेवलंय. दूधवाली आणि गिऱ्हाईक यांचं हे भांडण कुणीच खरं मानत नव्हतं. पण त्या रविवारी आवारात, चारचौघांत, तिसऱ्या मजल्यावरची काशी तिला म्हणाली की तू दुधात पीठ घालतेस, आणि हौसाचं डोकं तडकलं.

पूर्णा गावात हौसाच्या सासरची भातशेती होती. दिरांनी आपापल्या जमिनी गोदामांना दिल्या, बंगले बांधले, दारात गाड्या आणल्या. हौसाने आपल्या वाट्याचा तुकडा सोडला नाही. त्यावर म्हशी बांधल्या. तिन्ही बाजूंना गोदामांच्या उंच पत्र्याच्या भिंती, मागे येणाऱ्या ट्रकचं टीं-टीं, आणि मध्ये गोठा. नवरा तुळशीराम शेजारच्याच गोदामाच्या गेटवर वॉचमन होता. जमीन भावाची, ड्युटी परक्याची. तो रोज म्हणायचा, म्हशी वीक. ती म्हणायची, आधी तू ती शिट्टी वीक. वैरणीचा टेम्पो गेटवर अडवला की ती मॅनेजरला खाली बोलवायची. पेंड कुबट निघाली की दुकानदाराच्या पुढ्यात पोतं उपडं करायची. तोंडाने ती फटकळच होती, पण दुधावरून तिच्याकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं. त्याच जोरावर ती सगळ्यांशी भांडत होती.

नारपोलीच्या त्या इमारतीत पॉवरलूमवाल्या दौलतची मुलगी मृणाली राहायची. कॉलेजात केमिस्ट्री शिकत होती. तिने दूध तपासायची कागदी पट्टी बनवली होती. शाईचा टिपकागद असतो तसा कागद, त्यावर दोन्ही कडांना मेण लावून मध्ये सोडलेली बारीक वाट. मेणाला ओल चढत नाही, म्हणून दूध त्या वाटेनेच सरकतं. ना पंप लागतो, ना वीज. वाटेच्या शेवटी आयोडीनचा ठिपका. दुधात पीठ किंवा स्टार्च असेल तर तो ठिपका निळा पडतो. वाटीतलं दूध कागदापर्यंत यावं म्हणून पट्टीच्या टोकाला दोऱ्याचा एक तुकडा लावलेला. महागड्या लॅबचं काम चहाच्या पैशांत होईल, असं ती सगळ्यांना सांगत होती, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

रविवारी तिने आवारात टेबल मांडलं. पहिलं दूध हौसाचं. नुकतं काढलेलं, अजून कोमट. दोरा ओला झाला, कागदावर ओल सरकत गेली आणि ठिपका शाईसारखा निळा झाला. मृणालीलाच धक्का बसला. ती काही बोलायच्या आत काशी पुढे आली.

"नातवाला पाजते मी हे," ती म्हणाली. "पीठ घालतेस तू यात! काय काय घातलंस गं त्याच्या पोटात?"

हौसाने कॅनचं झाकण लावलं. "पानी बोलली असतीस तर ऐकून घेतलं असतं," ती म्हणाली. "पीठ बोललीस."

पुढचं कुणी ऐकलं नाही. बायका भांडी घेऊन वर गेल्या. कुणीतरी निळ्या ठिपक्याचा फोटो ग्रुपवर टाकला आणि तो शेजारच्या इमारतींतही फिरला. सोमवारी दारं उघडत होती ती फक्त 'आज नको' म्हणायला. भरलेले कॅन परत आले. हौसा चुलीवर खवा आटवत बसली. सराटा कढईच्या बुडाशी असा घासत होती की तुळशीराम आत यायला धजावला नाही. दारातूनच म्हणाला, लोक दोन दिवसांत विसरतील. ती म्हणाली, विसरायचं न्हाय, मना खरं काय ते पायजे.

मंगळवारी दुपारी मृणाली गोठ्यावर आली. उभ्या उभ्याच बोलायला लागली. आधीच्या पट्ट्यांना मेडिकलमधला साधा दोरा होता. तो संपला. घरी धाग्याला काय तोटा, म्हणून तिने वडिलांच्या शेडमधल्या बीमवर, लूमच्या रुळावर, उरलेला धागा कापून लावला. तो ताण्याचा, म्हणजे कापडातला उभा धागा. लूमवर तुटू नये म्हणून विणण्याआधी साइझिंगच्या कारखान्यात त्याला खळ लावलेली असते, आणि खळ म्हणजे स्टार्चच. आज तिने नुसतं कोमट पाणी लावून पाहिलं, तेही निळं झालं.

"म्हणजे पीठ माझ्या दोऱ्यात होतं, मावशी. तुमच्या दुधात नाही."

हौसा वैरण टाकत होती. ती थांबली नाही. "पान्याला आज लावलास. आदी का न्हाय?"

आधी नुसतं पाणी लावून पट्टीच तपासायची, हे मृणालीला शिकवलेलं होतं. घाई झाली, एवढंच ती म्हणाली. मग फोन पुढे करून सांगू लागली की ग्रुपवर माफी लिहिलीय, सगळ्यांनी वाचलीय.

"माजी अब्रू आवारात गेली, फोनात न्हाय गेली. उद्या ये माज्यासंगं. दारोदार. तुज्या तोंडानं बोल."

बुधवारी सकाळी मृणाली आली. एक कॅन तिने स्वतःहून उचलला. हौसाने तो काढून घेतला. पहिल्या मजल्यावर मृणालीचा आवाज नीट फुटेना, दुसऱ्यावर फुटला. दर दारात तेच सांगायचं: चूक माझी, दूध चोख आहे. कुणी ओशाळलं, कुणी नुसतंच पातेलं पुढे केलं. हौसा माप ओतत गेली.

तिसऱ्या मजल्यावर काशीने दार उघडलं. मृणालीचं पुरतं ऐकूनही न घेता तिने पातेलं पुढे धरलं. "झालं गेलं, मावशी. कागदच खोटा निघाला, त्याला कोण काय करणार. घाल अर्धा लिटर."

हौसाने माप कॅनमध्येच ठेवलं.

"कागदाचं ही पोर सांगून गेली," ती म्हणाली. "तुजं कोन सांगनार?"

काशी हसायला गेली, पण हौसा हसत नव्हती. आतून नातवाचं रडणं ऐकू आलं. काशीने मागे वळून पाहिलं, परत पुढे पाहिलं. पातेलं तसंच हातात. 'माझं चुकलं' हे दोनच शब्द होते, तेवढे तिच्या तोंडून निघेनात.

हौसाने कॅन उचलला. मृणाली पुढच्या दारापाशी जाऊन उभी राहिली होती, हात बेलवर, नजर काशीच्या पातेल्यावर.

"तिकडं नको बघू," हौसा म्हणाली. "वाजव."