बुजरीसाठी स्थळ

जगातल्या दोनच गोष्टी आपल्याला पक्क्या कळतात, असं सोफे दुरुस्त करणारे मास्तर स्वतःच सांगत: सोफा आणि माणूस. सोफ्याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. स्प्रिंगा बसलेल्या, पट्टे सैल पडलेले, कोपऱ्यातून काथ्या बाहेर आलेला, असा सोफा त्यांच्या दुकानात आडवा येई आणि महिन्याभरात नवरदेवासारखा उभा राहून जाई. माणसांबद्दल मात्र त्यांच्या बायकोचं मत जरा वेगळं होतं. ती ते बोलून दाखवत नसे, कारण घर आणि दुकान यांच्यामध्ये एकच पडदा होता आणि पलीकडे नेहमी कुणीतरी गिऱ्हाईक बसलेलं असे.

मांजर आली तीही सोफ्यातूनच. गोदामात धूळ खात पडलेला एक सोफा दुरुस्तीला आला. मास्तरांनी त्याचं खालचं कापड टरकावलं, तर स्प्रिंगांच्या मागून दोन डोळे त्यांच्याकडे बघत होते. आईचा पत्ता नव्हता. पिल्लू म्हणजे नुसती हाडं आणि वर थोडे केस. मास्तरांनी त्याला कापसाच्या बोळ्यानं दूध पाजलं, चिकटलेले डोळे पुसले, खिशात घालून जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं आणि जगवलं. हे पुण्य त्यांच्या नावावर आत्ताच जमा केलेलं बरं, कारण पुढे त्यांच्या बाजूनं बोलण्यासारखं फारसं काही घडत नाही.

मांजर मोठी झाली, पण माणूस दिसला की पळायची. जो सोफा उघडा पडलेला असेल त्याच्या पोटात तिचं बिऱ्हाड. तो सोफा तयार होऊन गेला की ती पुढच्या सोफ्यात राहायला जाई. मास्तरांनी तिचं नाव ठेवलं बुजरी, आणि तिची भीती घालवायचा विडा उचलला.

"भीती अशी एकदम जात नाही," ते गिऱ्हाइकांना समजावत. "रोज थोडी थोडी मोडावी लागते."

म्हणून रोज सकाळी देवळात जाणाऱ्याच्या नेमानं ते सोफ्यात कोपरापर्यंत हात घालत, मानेला धरून बुजरीला बाहेर ओढत, छातीशी घट्ट धरून थोपटत आणि मग खाली ठेवून हातोडी उचलत. त्यांच्या हातात ती लाकडासारखी ताठ, आतून थरथरत पडून राही.

"बघा," ते म्हणत, "माझ्याकडे कशी शांत असते! दुसऱ्या कुणाला अंगाला हात लावू देणार नाही."

दुसऱ्या कुणी तो त्यांच्यादेखत लावलाच नव्हता, त्यामुळे हे खोटं ठरवायची सोय नव्हती.

पुढे एका दंतवैद्याच्या मखमली सोफ्यावर बुजरीनं नखांना धार लावली. दंतवैद्य लोकांना तोंड उघडायला लावणारा माणूस, त्या दिवशी त्यानं स्वतःचं उघडलं. तो गेल्यावर बायको म्हणाली, "अहो, एक तर मांजर ठेवा नाहीतर गिऱ्हाईक. दोघं एका छपराखाली नांदायची नाहीत."

मास्तरांनाही ते पटलं. पण हे पोर चुकीच्या हाती पडलं तर घाबरून पळणार आणि रस्त्यावर एखाद्या चाकाखाली जाणार, हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. "देईन," ते म्हणाले, "पण तिला समजून घेणारं घर मिळालं तरच." असं घर आपल्या घराखेरीज जगात नाही, याची त्यांना मनातून खात्री होती. ती खात्री त्यांना आवडतही होती.

स्थळं येऊ लागली. पहिल्या आल्या त्या एक निवृत्त ग्रंथपालबाई, एकट्या राहणाऱ्या, हलक्या आवाजात बोलणाऱ्या. मास्तरांनी त्यांना स्टुलावर बसवलं आणि सोफ्यात हात घालून बुजरीला ओढून काढलं. ती फिसकारली, त्यांच्या मनगटावर ओरखडा उमटवून पुन्हा आत पळाली. ते मनगट मास्तरांनी बाईंना एखाद्या पदकासारखं दाखवलं.

"बघितलंत? इतकी बुजरी आहे. जमेल तुम्हाला?"

बाई जमेल म्हणाल्या. त्या गेल्यावर मास्तरांनी नकार कळवला. फार हळू बोलतात, मांजरीला वाटायचं काहीतरी लपवताहेत. मग एक नवं जोडपं आलं. पुन्हा हात आत, पुन्हा मांजर बाहेर, पुन्हा ओरखडा. ती दोघं फार हसली म्हणून नापास झाली. औषधाच्या दुकानदाराला गोदामातल्या उंदरांसाठी मांजर हवी होती. "मला तिला घर द्यायचंय, नोकरी नाही," असं सांगून मास्तरांनी त्याला दारातूनच लावून दिलं, पण त्याआधी बुजरी काढून दाखवली ती दाखवलीच. वर हे सगळं तिच्याच भल्यासाठी चाललेलं.

अखेर एके दिवशी मास्तर एका ऑफिसात खुर्च्यांची मापं घ्यायला गेले. ते नसताना वळणावरची पार्लरवाली आपली दुरुस्त झालेली खुर्ची न्यायला आली. हातातली धुतलेल्या टॉवेलांची पिशवी तिनं जमिनीवर ठेवली आणि ती मास्तरांच्या बायकोशी बोलत बसली. तेवढ्यात बुजरी सोफ्यातून बाहेर आली, आळस दिला, पिशवीत शिरली आणि टॉवेलांवर अंगाचं वेटोळं करून बसली.

पार्लरवाली बघतच राहिली. मास्तरांच्या बायकोला मात्र नवल वाटलं नाही. मास्तर बाहेर गेले की दुपारी हीच मांजर तिच्या मांडीवर झोपायची. नवऱ्याच्या अभिमानाला कशाला धक्का द्या, म्हणून ती आजवर मूग गिळून होती.

"आवडली असेल तर ने हिला," ती म्हणाली.

"अगं वहिनी, पण मास्तर?"

"त्यांचं मी बघते."

मास्तरांनी परत आल्यावर घर डोक्यावर घेतलं. पार्लर! तिथे ती केस वाळवायची यंत्रं घोंघावतात, रेडिओ लागलेला असतो, दिवसभर बायकांची वर्दळ! "भीतीनंच मरेल ती," ते म्हणाले आणि जेवले नाहीत. त्या दिवसांत त्यांच्या हातून एका खुर्चीचं कापड उलटं बसलं, आणि रस्त्यावर गाडीचा ब्रेक वाजला की ते दारात येऊन उभे राहत.

शेवटी खुर्चीचे स्क्रू बघायचं निमित्त काढून ते पार्लरात गेले. यंत्रं घोंघावत होती. रेडिओ लागला होता. डोक्याला मेंदी थापून बसलेल्या एका बाईच्या मांडीवर बुजरी पोट वर करून पसरली होती आणि दुसरी एक बाई त्या पोटाला गुदगुल्या करत होती.

"बुजरे!" मास्तर म्हणाले. आनंदानंच म्हणाले.

बुजरीचे कान ताठ झाले. तिनं मान वळवून पाहिलं आणि पुढच्या क्षणी ती भिंतीतल्या तळच्या फळीखाली, पार आत कोपऱ्यात.

"अय्या," पार्लरवाली म्हणाली, "असं कधी करत नाही ती!"

"कशी माणसाळवलीत तिला?" मास्तरांनी विचारलं.

"मी? काहीच नाही केलं. लग्नसराई सुरू आहे, मास्तर, तिच्याकडे बघायलाही सवड नव्हती. आपली आपणच आली."

मास्तर फळीपाशी गुडघ्यांवर बसले. सवयीनं त्यांचा हात कोपरापर्यंत आत गेला. बोटांना तिचे केस लागले, आणि त्याखालचं थरथरणारं अंग. ही थरथर त्यांच्या ओळखीची होती. तिला ते आजवर माया समजत आले होते. त्यांनी हात रिकामाच बाहेर घेतला, खुर्चीचा एक घट्ट असलेला स्क्रू आणखी घट्ट केला आणि निघाले.

दुकानात येऊन ते थेट कामाला बसले. सगळ्या सोफेवाल्यांसारखी त्यांना खिळे ओठांत धरून ठोकायची सवय होती. ओठांत खिळे असले की बोलता येत नाही, आणि आज ते त्यांच्या पथ्यावरच पडलं होतं.

पडदा सारून बायकोनं विचारलं, "कशी आहे?"

त्यांनी मान हलवली. बरी आहे.

"अजून बुजते?"

मान पुन्हा हलली.

"कुणाला?"

मास्तरांनी हातोडी खाली ठेवली, ओठांतले खिळे एक एक करून तळहातावर काढले आणि म्हणाले, "मला."