टेबल मिळेपर्यंत

"मेधा नाही राहिली गं…" शिरीषचा, तिच्या नवऱ्याचा फोन. शनिवारची सकाळ, मी डोशाचं पीठ ढवळत होते. मी चक्क विचारलं, "कोण मेधा?" अमेरिकेतल्या आमच्या या आख्ख्या कॅरी गावात माझ्या ओळखीची मेधा एकच, आणि विचारणारी मी तिची बारा वर्षांची मैत्रीण. त्या प्रश्नाची अजून लाज वाटते.

आम्ही चौघी दर दुसऱ्या रविवारी घर नवऱ्यांच्या ताब्यात देऊन ब्रंचला जायचो. वॉफल्स आणि ऑम्लेट हे निमित्त, खरी भूक मराठीत भांडायची. मेधा कोथरूडची, हळू बोलणारी, पण एकेक वाक्य असं की कॉफी नाकात जावी. माझ्या सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या तेव्हा शांतपणे म्हणाली, "रिटर्न तिकीट स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंस ना?"

त्या रेस्टॉरंटचा नियम एकच, सगळी मंडळी हजर असल्याशिवाय टेबल नाही. गेल्या वर्षी मेधा उशीर करायला लागली. "पार्किंगमध्येच आहे, आलेच पाच मिनिटांत" असा मेसेज यायचा, आणि आम्ही दाराबाहेर चाळीस मिनिटं ताटकळत. आमच्या मागून आलेली कुटुंबं खाऊन बाहेरही पडायची. मग ही बया लिहायची, "सॉरी यार, कॅन्सल करते." आली तरी टोस्टचा कोपरा कुरतडत बसायची, आम्ही डाएटवरून चिडवायचो. केस बारीक कापून आली, तर "छान दिसतोय गं कट" म्हणून मोकळ्या झालो. मी नागपूरची, माझं डोकं तापायला वेळ लागत नाही. "पार्किंगमध्ये काय अंडी उबवते का ही?" मी म्हटलं, आणि सगळ्या हसल्या. आपल्या लोकांचं 'आलेच' म्हणजे अजून घरूनही निघाली नसणार, हे आम्ही धरूनच चाललो. पार्किंग कोपऱ्यामागेच, पण तिथे जाऊन बघायचे कष्ट एकीनेही घेतले नाहीत. फेब्रुवारीत मी तिला वगळून तिघींचा वेगळा ग्रुप केला. कुणी हूं की चूं केलं नाही, पण केला मीच.

ती गेल्यावर तीन आठवड्यांनी शिरीषकडे डबा घेऊन गेले. वर्षभर केमो चालू होती, तो म्हणाला. कुणाला सांगायचं नाही असं तिनं बजावलं होतं. तिकडे तिच्या आईची बायपास झालेली, आणि कॅरीत एकीला सांगितलं की संध्याकाळपर्यंत कोथरूडला पोचतं, म्हणायची. "रविवारी मात्र हट्टाने निघायची. मी गाडी चालवायचो. पार्किंगमध्ये पोचलं की मळमळायला लागायचं. 'थांब थोडं, जमेल मला' म्हणत बसून राहायची…"

मला राहवेना. वेगळ्या ग्रुपचं सांगून टाकलं.

"तिला कळलं होतं," तो म्हणाला. "मार्चमध्ये एका रविवारी जरा बरं वाटत होतं. म्हणाली, नुसती तिकडून चक्कर मारू. तुम्ही तिघी खिडकीपाशी बसल्या होतात."

विचारायचा धीर नव्हता, तरी विचारलं, "काय म्हणाली?"

"म्हणाली, 'बघ, आज लगेच टेबल मिळालं त्यांना.' मग म्हणाली, घरी चल."

चार शिव्या घातल्या असत्या तिनं मला, तर आज मी जरा मोकळी असते. तेवढंही केलं नाही तिनं.

गेल्या रविवारी मी एकटीच तिथे गेले. आत जाववेना. पार्किंगमध्ये गाडीतच बसून राहिले. तिथून ते खिडकीतलं टेबल दिसतं. कोण कॉफी ओततंय, कोण हसतंय… सगळं दिसतं.