मामीची मांड्यांची शाळा

तापीच्या अल्याड-पल्याड आमच्या मामीएवढं धीट माणूस झालं नाही, असं मी म्हणालो की लोक विचारतात, "का, वाघ मारला होता का?" वाघाचं काय घेऊन बसलात! हाती बंदूक असली आणि वाघाचे ग्रह वाईट असले की तो कुणाच्याही हातून मरतो. पण जी गोष्ट त्या काळी लेक आईच्या कानातसुद्धा सांगत नसे, ती मामी भर पाणवठ्यावर घागर विसळता विसळता सांगे. "मन्ही छातीमा गाठ व्हती. डाक्टरनी कापी टाकी. मी जित्ती शे. कोन्ले गाठ व्हई ते झाकू नका, बाई!" पुरुषमाणसं बैलांना उगीचच हाकारू लागत आणि मी, गावचा मास्तर आणि मामीच्या घरचा कायमचा पाहुणा, नदीच्या पाण्यात नसलेले मासे शोधू लागे.

मामांनी तिला आगगाडीनं दूरच्या मिशनच्या दवाखान्यात नेलं होतं. निघताना डॉक्टर म्हणाले, गाठ पुन्हा येऊ शकते. मामी म्हणाली, "येवू द्या. पाव्हना कधी सांगीसन येस का?" उजवी बाजू कापली तेव्हापासून उजवा हात सुजला होता आणि खांद्याच्या वर जात नव्हता. त्या हाताला ती 'घरजावई' म्हणे. काम काडीचं नाही, अंग मात्र सुटलेलं, रोज तेल लावा आणि वर उशी द्या! चोळीच्या रिकाम्या बाजूला ती शेतातला कापूस भरी आणि म्हणे, "खान्देशना कापूस दुन्याभर जास, माले घरमाच कामे उना." हे ऐकताना हसावं की डोळे पुसावेत ते कळत नसे. मी आपला दोन्हींच्या मधलं तोंड करून बसे. ते तोंड फार वाईट दिसतं, असं मामीनं मला सांगितलं होतं.

ऑपरेशनच्या आधी मामी खापरावरच्या मांड्यांसाठी पंचक्रोशीत नावाजलेली होती. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झुलवत झुलवत कोपरापर्यंत पसरायचा आणि उपड्या खापरावर अलगद टाकायचा. आता एका हातानं ते कसं व्हावं? तरीही शहाद्याकडून, खापर नावाच्या गावाकडून, कुठून कुठून बाया येत आणि अंगणात दबक्या आवाजात सांगत, "मांडे शिकाले उनू." मामी त्यांना आत नेऊन दार लावी. मी ओसरीवर ताट पुढ्यात घेऊन, तुपाची वाटी उजवीकडे ठेवून, धूर निघायची वाट बघे. धूर कधी निघाला नाही. मनातले मांडे खाण्यात मात्र माझ्याइतका पटाईत माणूस दुसरा नसेल. आत एक बाई दुसरीची गाठ चाचपून बघते आहे, तिसरी रडते आहे आणि मामी तिला हसवते आहे, हे माझ्या मास्तरी डोक्यात काही शिरलं नाही.

अशातच सारंगखेड्याची एक तरुण सून मांडे शिकायला म्हणून आली आणि महिना उलटला तरी परत गेली नाही. मला मागाहून कळलं, मामीनं तिला दवाखान्यात नेलं होतं. डावी बाजू कापून आणली होती आणि मागच्या खोलीत ठेवली होती. नवऱ्याला ठाऊक होतं, पण आईपुढं त्याची जीभ टाळ्याला चिकटे. सासूनं एकदा कुणाबद्दल तरी बोलताना बजावलं होतं, "कापेल बाई घरमा नको. पोऱ्याले दुसरी करसूत."

आणि मी काय करावं? घोड्यांच्या बाजारात सारंगखेड्याला नेमकी ती सासू भेटली. सुनेची चौकशी करू लागली. मला कुणाला खूश करायची फार हौस. म्हणालो, "तुमची सून असे मांडे करते म्हणता! हत्तीच्या कानाएवढे! पलीकडचा दिवा दिसतो त्यातून!" मी त्यातला एकही पाहिला नव्हता. दुसऱ्याच दिवशी सासूबाईंची बैलगाडी आमच्या दारात.

मामीनं माझ्याकडं पाहिलं. "मास्तर, तुन्ही जीभ कापाले बी एखादा डाक्टर गवसी का?" मग तिनं मला मागच्या खोलीत काय आहे ते दोन वाक्यांत सांगितलं. मी पळायला वाट शोधू लागलो. मामीनं मात्र चूल पेटवली.

सासू पाटावर बसली आणि सुनेला मांडा करून दाखवायला सांगू लागली. "चाल व, दखाड."

सून मामीच्या डाव्या हाताला येऊन उभी राहिली, खांद्याला खांदा लावून. दोघींचे कापल्या बाजूचे हात बाहेरच्या अंगाला लोंबत होते आणि मधे मामीचा डावा आणि सुनेचा उजवा असे दोन धडधाकट हात उरले होते. त्या दोन बायांच्या दोन हातांवर उंडा झुलू लागला. पहिला मांडा फाटला. सुनेच्या ओठावर घाम आला. दारात आजूबाजूच्या बाया जमल्या होत्या. त्यांतली एकही हलेना. दुसरा मांडा मात्र पसरला, पसरतच गेला आणि खापरावर उतरला तेव्हा त्याला एकही भोक नव्हतं. मी आजवर देवळातही जोडले नसतील तेवढ्या भक्तीनं हात जोडून उभा होतो.

"हाई कोनती रीत?" सासूनं विचारलं.

"एकलीघाई व्हत नही, तठे दोन बाया लागतस," मामी म्हणाली.

सासूनं सुनेचा लोंबता हात पाहिला. मग चोळी पाहिली. तिला सगळं कळलं होतं. सून मागच्या खोलीकडं वळू लागली. मामीनं तिचं मनगट धरून ठेवलं होतं. बाहेर गाडीवान बैल जुंपू लागला. सासू उठली, दारापर्यंत गेली आणि पदर छातीशी घट्ट धरून म्हणाली, "बैल सोड रे. माले बी मांडा शिकनं शे."

मामीनं मला आणि गाडीवानाला बाहेर काढून दार लावलं.

चार दिवसांनी मीच त्यांना नदीपर्यंत पोचवलं. पलीकडे उतरून त्यांना दोंडाईच्याची आगगाडी धरायची होती. सासू, सून आणि मधे मामी अशा तिघी नावेत बसल्या. सासूबाई तपासून घ्यायला निघाल्या आहेत आणि मामी सोबतीला जाते आहे, असंच मी समजत होतो. मामीची गाठ पुन्हा आली होती आणि या खेपेला दवाखान्यात तिलाच राहायचं होतं, हे मला पुढं मामांनी सांगितलं. बरोबरच्या दोघी घाबरतील म्हणून तिनं त्यांना सांगितलं नव्हतं. नाव मध्यावर गेली तेव्हा तिघींचं खळखळून हसणं पाण्यावरून ऐकू आलं. कशाला हसल्या, ते सांगायला मामी काही परत आली नाही, म्हणून मी पुढं त्या सासू-सुनांना पुष्कळदा विचारलं. त्या नुसत्या एकमेकींकडं बघतात आणि पदरानं डोळे पुसतात.